एका नुक्त्याची किंमत

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या रमजानमधली गोष्ट. इफ्तार आणि मगरिब आटोपून मी मुलांच्या वह्या तपासायला बसले होते. तेवढ्यात बाजीचा फोन आला. आवाज दबका होता. "तू जरा घरी येऊन जा. तुझं तो ऐकतो. त्याला माझ्या बांगड्या हव्यात."

तो म्हणजे माझा भाचा. इंजिनिअरिंग पूर्ण होऊन दोन वर्षं झाली होती. सोबतची मुलं पुण्याला, हैदराबादला गेली आणि हा मोमीनपुऱ्यातल्या घराच्या वरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून होता. विचारलं की सांगायचा, "गेम बनवतोय." नातेवाइकांना वाटायचं पोरगा दिवसभर खेळतोच आहे. खेळणं आणि खेळ बनवणं यांतला फरक समजून घ्यायला कुणाला वेळ नव्हता. खरं सांगायचं तर मलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तरावीहच्या वेळी मी गेले. दुलाभाई मशिदीत होते, त्यामुळे बाजीला मोकळेपणानं बोलता आलं. भाच्याला चित्रांसाठी एक चित्रकार हवा होता आणि सहा महिने घरखर्चाची चिंता नको होती. त्यासाठी आईच्या लग्नातल्या चार बांगड्या. "खाला, लुडो किंग बघा," तो मला म्हणाला. "नवी मुंबईत बनला. आज घराघरांत आहे."

त्याचं खोटं नव्हतं. गेमेशन या नवी मुंबईच्या कंपनीनं २०१६ मध्ये लुडो किंग आणला आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो कोट्यवधी लोकांनी खेळला. आम्हीही खेळलो. मुळात लुडो म्हणजे आपल्या पचिसीचंच रूप. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याचं पेटंट घेतलं आणि सव्वाशे वर्षांनी तोच खेळ फोनमधून आपल्या दिवाणखान्यात परत आला. पण मी शिक्षिका आहे. बोर्डाच्या परीक्षेत चमकलेल्या एका मुलाचा फोटो वर्तमानपत्रात येतो, बाकीच्या लाखोंचा येत नाही, हे मला दरवर्षी दिसतं. मी म्हटलं, "लुडो किंग नंतर. आधी तुझा खेळ दाखव."

त्यानं दाखवला. खेळाचं नाव 'नुक्ता'. एका कातिबाच्या कारखान्यात एक शागिर्द मुलगा आहे. रात्री वादळ येतं आणि कागदांवरचे सगळे नुक्ते उडून जातात. ते शोधून आणून प्रत्येक अक्षरावर आपापल्या जागी बसवायचे. उर्दूतले नुक्ते बसवून झाले की मराठीचा भाग. तिथे अनुस्वार उडालेले: 'रंग'चं 'रग' झालंय, 'मंद'चं 'मद'. कल्पना बघून मी खरोखर चकित झाले. दोन्ही भाषा शिकवणारी मी, मला हे वीस वर्षांत सुचलं नव्हतं.

आणि मग पडद्यावर अक्षरं उमटली. माझ्या तोंडून निघालं, "अरे, हे काय?"

'कलम' हा उर्दू शब्द तुटला होता. काफ वेगळा, लाम वेगळा, मीम वेगळा, आणि तेही डावीकडून उजवीकडे मांडलेले. उर्दूच्या सवयीनं उजवीकडून वाचलं तर 'मलक'. मराठीची गतही तीच. 'शिकवण' शब्दातली वेलांटी घसरून पुढच्या अक्षरावर बसली होती आणि 'शकिवण' असं दिसत होतं. भाचा ओशाळला. म्हणाला, "खाला, सॉफ्टवेअरच तसं दाखवतं. शेवटी बघू म्हणून ठेवलंय. आधी चित्रं चांगली करायचीत."

मी काही बोलले नाही, कारण मला एकदम अब्बा आठवले.

आमचे मरहूम अब्बा कातिब होते. लग्नाच्या पत्रिका, जलशांची पोस्टरं, मदरशांच्या पावत्या, दुकानांच्या पाट्या हे सगळं बोरूच्या कलमानं लिहायचे. पिवळ्या चकचकीत कागदावर ते लिहीत आणि तो कागद छापखान्यात जाई. नस्तालीकमध्ये अक्षराची लांबी-रुंदी त्याच कलमाच्या टोकानं काढलेल्या टिंबांनी मोजतात. अलिफ साधारण तीन टिंबांचा. अब्बा आधी टिंबं काढून बघायचे, मग अक्षर. पूर्ण पत्रिका लिहून झाल्यावर एक नुक्ता हलला तर कागद बाजूला ठेवून पुन्हा लिहायचे. अम्मी म्हणायची, "कुणाला दिसणार आहे?" ते म्हणायचे, नुक्ता वर असेल तर खुदा, खाली घसरला तर जुदा. वाचणाऱ्याला चूक दिसो न दिसो, लिहिणाऱ्याला दिसली ना.

आमच्या दीनमध्ये काम पक्कं आणि नीट करण्याला इत्कान म्हणतात. अब्बांनी तो शब्द आम्हाला कधी समजावून सांगितला नाही. त्यांना काम करताना बघूनच तो आम्हाला समजला.

पण त्या इत्काननं अब्बांचा धंदा वाचवला नाही, हेही खरं आहे. १९८१ मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोड हातानं लिहून नूरी नस्तालीक हे संगणकासाठीचं वळण तयार केलं. १९९४ मध्ये दिल्लीहून इनपेज हे सॉफ्टवेअर आलं आणि तीच नस्तालीक साध्या कॉम्प्युटरवर टाइप करता येऊ लागली. अब्बांना चार तास लागायचे ते काम मुलगा पंधरा मिनिटांत करू लागला. दुलाभाईंनी दुकानात कॉम्प्युटर घेतला तेव्हा अब्बा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की हे अक्षरसुद्धा कुणा कातिबाच्याच हातचं आहे, त्याला दुआ द्या. त्यानंतर मात्र त्यांनी कलम फारसं हातात घेतलं नाही. त्यांचे पिवळे कागद दुलाभाईंच्या दुकानात वरच्या फळीवर तसेच पडून राहिले.

त्या रात्री घरी येताना माझ्या मनात दोन गोष्टी एकत्र होत्या. काम नीट झालंच पाहिजे. आणि नीट झालेल्या कामाला बाजार दाम देईलच असं नाही. भाच्याला यातली फक्त दुसरी गोष्ट सांगितली असती तर तो खचला असता. फक्त पहिली सांगितली असती तर बाजीच्या बांगड्या गेल्या असत्या.

चार दिवसांनी मी वहीचं एक कोरं पान घेऊन त्याच्यासमोर बसले. म्हटलं, "चल, हिशोब करू." आकडे त्यालाच माहीत होते, पण त्यानं ते एका पानावर कधी मांडले नव्हते.

कॉम्प्युटरवरच्या खेळांचं जगातलं सर्वांत मोठं दुकान म्हणजे स्टीम. तिथे खेळ ठेवायला १०० डॉलर भरावे लागतात. विक्री हजार डॉलरच्या पुढे गेली तर ते परत मिळतात. खेळाची किंमत २०० रुपये धरली. त्यातून १८ टक्के जीएसटी वेगळा केला की राहतात १६९. त्यातले ३० टक्के दुकानाचे. हातात येतात ११८. एक हजार प्रती विकल्या गेल्या, तर १ लाख १८ हजार. दोन वर्षांच्या मेहनतीवर वाटले तर महिन्याला पाच हजारही नाहीत. खेळ विकत घेणाऱ्याला चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, तो परत करून पैसे मागता येतात. आणि एक हजार प्रती तरी सहज जातात का? २०२४ या एका वर्षात त्या दुकानात अठरा हजारांहून अधिक नवे खेळ आले. म्हणजे रोज सरासरी पन्नास. त्या पन्नासांत आपला एक, आणि उद्या पुन्हा नवे पन्नास.

भाचा बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण खाला, म्हणूनच तर चित्रं चांगली हवीत. लोक दोन सेकंद बघतात आणि पुढे जातात."

हेही त्याचं बरोबर होतं. त्यानं मला पुण्याचं उदाहरण सांगितलं, ते मी नंतर स्वतः शोधून वाचलं. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाची एक लहान कंपनी आहे. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड यांनी ती उभी केली. त्यांचा खेळ 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. एक मुलगी हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते. कथा प्राचीन भारतातली, हिंदू पुराणांतल्या देवदेवतांची आहे. पण कारागिरी कुणाकडूनही शिकावी. पहाडी चित्रशैलीचे रंग, राजस्थानच्या किल्ल्यांसारखे महाल आणि कथा सांगायला छायाबाहुल्या. २०१७ मध्ये त्यांनी इंटरनेटवर लोकांकडून वर्गणी मागितली. पुरेशी जमली नाही आणि ती मोहीम फसली. तरी ते थांबले नाहीत. पुढे प्रकाशक मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये खेळ बाहेर आला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या जगप्रसिद्ध सोहळ्यात पहिल्या पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळालं. पुरस्कार दुसऱ्या खेळाला गेला. समीक्षकांनी चित्रांची वाहवा केली. खेळ लहान आहे आणि त्यातली लढाई तेवढी रंगत नाही, असंही अनेकांनी लिहिलं.

मी म्हटलं, "बघ, चित्रांनी जगाचं लक्ष वेधलं, हे खरं. पण त्यांच्यामागे अनुभवी माणसांची टोळी होती आणि शेवटी प्रकाशक होता. तुझ्यामागे आईच्या चार बांगड्या आहेत. त्या एकदा गेल्या की पुन्हा येणार नाहीत. आणि तेवढ्यात तुला राजीसारखी चित्रंही मिळणार नाहीत."

तेव्हा त्यानंच मला एक गोष्ट समजावली, आणि शिकवणं ही माझी मक्तेदारी नाही हे मला कळलं. तो म्हणाला, खेळातली सफाई म्हणजे नुसती महागडी चित्रं नव्हेत. रामी इस्माईल नावाचे एक डच गेमकार आहेत, इजिप्शियन वंशाचे मुसलमान. त्यांनी आणि यान विलेम नायमन यांनी मिळून व्लाम्बीर ही दोन माणसांची कंपनी चालवली. नायमन यांनी एका गाजलेल्या भाषणात एक अगदी ओबडधोबड खेळ घेतला आणि सर्वांसमोर त्यात एकेक बारीक बदल केला. आवाज थोडा भरदार, धक्का बसला की पडदा किंचित हलणारा, पडलेली वस्तू नाहीशी न होता तिथेच राहणारी. चित्रं जवळपास तीच, पण शेवटी तो खेळ जिवंत वाटू लागला. "म्हणजे खाला, नुक्ता अक्षरावर बसला की शाई जराशी पसरली पाहिजे. कलमाचा करकर आवाज आला पाहिजे."

मी म्हटलं, "हे तुला चित्रकाराशिवाय करता येईल?"

तो म्हणाला, "येईल."

आणि रामी इस्माईल यांनी आणखी एक गोष्ट जगाला दाखवून दिली, जी ऐकून मला फार बरं वाटलं. मोठमोठ्या कंपन्यांच्या, कोट्यवधी डॉलरच्या खेळांत भिंतींवर, पाट्यांवर जी अरबी लिहिलेली असते, ती कित्येकदा तुटक अक्षरांत आणि उलट्या क्रमानं असते. आपली लिपी त्यांच्यासाठी नुसती नक्षी. मी भाच्याला म्हटलं, "परक्यांनी आपली अक्षरं मोडली तर आपल्याला राग येतो. मग कातिबाच्या नातवानं मोडली तर? तुझ्या खेळात चित्र साधं असलं तरी चालेल. अक्षर चुकलेलं चालणार नाही. तुझ्या खेळाची सफाई तिथूनच सुरू होते."

दुलाभाईंचा प्रश्न वेगळा होता. त्यांनी एकदाच विचारलं, "हे हलाल आहे का?" त्यांच्या डोक्यात मोबाइलवरच्या रमी आणि सट्ट्याच्या जाहिराती होत्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं. जुगार आपल्याकडे हराम आहे, तो पत्त्यांवर असो की पडद्यावर. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, पण मैत्रीसाठी आणि शिक्षणासाठी असलेल्या खेळांना त्यात उत्तेजनच आहे. तरी फुकटच्या खेळातही एक वाट असते. पैसे देऊन बंद पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमनं २०१८ मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवलं. कमाई जास्त त्याच वाटेनं होते. भाच्यानं अब्बांसमोर सांगितलं, "ना पेटी, ना सट्ट्याची जाहिरात. एक किंमत, एकदा द्यायची, खेळ तुमचा." दुलाभाई काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना त्यांच्या हातात धुळीनं माखलेलं एक पुडकं होतं. अब्बांचे पिवळे कागद. म्हणाले, "चित्रकार कशाला हवा? तुझे नाना आहेत ना."

बाजी त्या पुडक्याला हात लावून रडली. मीही.

ईदनंतर आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. बांगड्या बाजीच्या हातातच राहतील. भाचा मिहानमध्ये मिळेल ती नोकरी धरेल. खेळाचे तीस टप्पे करायचे होते, ते आठ होतील. इशाच्या नमाजनंतर दोन तास आणि रविवारची सकाळ खेळाची. भाच्याला हे सुरुवातीला हार मानल्यासारखं वाटलं. मी त्याला म्हटलं, "तीस कच्च्या पोळ्यांपेक्षा आठ नीट भाजलेल्या बऱ्या."

अक्षरांचं कोडं त्यानं उन्हाळ्यात सोडवलं. गोदो नावाचं, कुणालाही फुकट वापरता येणारं एक सॉफ्टवेअर आहे. २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात उर्दू उजवीकडून डावीकडे, जोडून, आणि देवनागरी वेलांटीसकट नीट उमटते. त्यासाठी सगळं काम त्यानं तिकडे नेलं. अक्षरं जोडण्याचं हे काम त्याच्या आत जो भाग करतो, त्याचं नाव हार्फबझ. मी म्हटलं, हे नाव ओळखीचं वाटतं. बरोबर निघालं. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या अभियंत्यानं ते वाढवलं आणि नाव फारसीतलं आहे: हर्फ-बाज. आपल्या हातातल्या कित्येक फोनांत आणि कॉम्प्युटरांत अक्षरं नीट जोडणारा हा कारागीर फारसी नावाचा आहे. अब्बा असते तर त्यालाही त्यांनी दुआ दिली असती. ज्या दिवशी पडद्यावर 'कलम' एका फटकाऱ्यात, अखंड उमटलं, त्या दिवशी भाच्यानं रात्री साडेअकराला मला फोटो पाठवला. सोबत एकही शब्द लिहिला नव्हता.

यंदा जानेवारीत 'नुक्ता' विक्रीला लागला. किंमत ९९ रुपये. पहिल्या महिन्यात एकशे सदतीस प्रती गेल्या आणि त्यातल्या अकरा परत आल्या. भरलेल्या १०० डॉलरइतकेही पैसे अजून सुटलेले नाहीत. हे मी लपवत नाही, कारण अनेक घरांत असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. त्यांना 'खेळ सोड' म्हणण्याची घाई करू नका आणि दागिनेही काढून देऊ नका. शेजारी बसा. काय बनवतोस ते दाखव म्हणा. केवढं बनवणार, कधी संपवणार, पैसा कुठल्या वाटेनं येणार आणि नाही आला तर घर कशावर चालणार, एवढं एका पानावर त्यांच्याच हातानं लिहून घ्या. रिज्क देणारा अल्लाह आहे, पण हिशोब लिहिणं आपलं काम आहे.

खेळ विक्रीला लागल्यानंतर एका शनिवारी मी भाच्याचा लॅपटॉप वर्गात नेला. तिसरीच्या मुली गराडा घालून बसल्या. एकेक नुक्ता जागेवर बसत होता, शाई पसरत होती, कलम करकरत होतं आणि मागे माझ्या अब्बांच्या हातचे कागद होते. पाचव्या टप्प्यात रिकाम्या दौतीचं चित्र येतं आणि त्याखाली शब्द असतो 'खाली'. मागच्या रांगेतली, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी उठून उभी राहिली.

"मॅडम, दौत तर रिकामी आहे. मग 'जाली' का लिहिलंय?"

मी वाकून बघितलं. नुक्ता वर हवा होता, खाली होता. या वेळी दोष सॉफ्टवेअरचा नव्हता, भाच्याच्या बोटाचा होता. तो टप्पा मी किमान दहा वेळा बघितला होता आणि मलाही दिसला नव्हता.

संध्याकाळी मी त्याला सांगितलं. मिहानहून नुकताच घरी आला होता, दमलेला होता. म्हणाला, "खाला, आतापर्यंत कुणी तक्रार केली नाही." मग स्वतःच हसला आणि बूट न काढता जिना चढून वर गेला. रात्री त्या मुलीसाठी निरोप आला: नुक्ता जागेवर बसवला आहे, शुक्रिया.

सोमवारी मी तो निरोप तिला वाचून दाखवला. तिनं उभी राहून विचारलं, "मॅडम, बाकीचे टप्पेही तपासू का?"